खबर देऊन मग ये

कुणाच्या पन्नास धावा झाल्या तरी आमचा कॅप्टन टाळ्या वाजवत नसे. तंबूत बसलेले आम्ही सगळे उठून उभे राहायचो, आणि तो खाली वाकून बुटाची नाडी सोडायचा आणि पुन्हा बांधायला घ्यायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, "परबदादा, पोराने पन्नास काढल्या, निदान बघा तरी." तो म्हणाला, "बघितलं. मॅच जिंकली काय?" मॅच अजून चालूच होती. "मग गप बस." ह्या माणसाला आम्ही तोंडावर परबदादा म्हणायचो आणि पाठीमागे खवीस. मी मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणायचो, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक परत घ्यायची माझी आजही तयारी नाही.

परब मालवणकडचा. लालबागच्या एका गिरणीत साचेवाला होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. आमचा क्लब परळचा. गिरणीच्या भिंतीमागच्या मैदानात एक फाटका तंबू, काथ्याची एक मॅट आणि जुन्या बॅटी, एवढीच आमची इस्टेट. मी दादरचा. तिथल्या एका नावाजलेल्या क्लबाने मला बारावा गडी म्हणून पाण्याची बादली धरायला ठेवलं होतं, म्हणून रागाने मी परळला आलो. माझा कव्हर ड्राइव्ह बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची. मी स्वतः सांगतोय म्हणून खोटं समजू नका. पहिल्या दिवशी परबने मला नेटमध्ये भरपूर खेळवलं. काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून मी घाम पुसत त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "हात बरे हत. पाय खंय हत?" मग नाव-गाव न विचारता म्हणाला, "दादरकर, पाय फुडे." त्यानंतर त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही आणि दुसरा उपदेशही केला नाही.

त्याचा एक नियम होता, तो मी मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्याही मैदानावर पाहिला नाही. आऊट झालेला माणूस तंबूकडे येतो आणि नवा आत जातो, तेव्हा वाटेत दोघांची गाठ पडते. इतर संघांत आऊट झालेला खाली मान घालून, बॅट आपटत, अंपायरचा उद्धार करत निघून जातो आणि नवा त्याच्याकडे बघतही नाही. आमच्यात तसं चालत नसे. आऊट झालेल्याने थांबायचं, चेंडू कुठे पडून काय करतोय ते नव्याला सांगायचं, नव्याने "कळलं" म्हणायचं, आणि मग आपापल्या वाटेला लागायचं. परब ह्याला खबर म्हणायचा. मी एकदा पहिल्याच चेंडूवर गेलो आणि तणतणत तसाच परत आलो, तर हा मेला तंबूच्या दाराशी उभा.

"खबर?"

"एकच चेंडू खेळलो परबदादा, कसली खबर देऊ?"

"त्या एका चेंडूची दी. खबर देऊन मग ये."

दोन्ही संघ, अंपायर आणि भिंतीवर बसलेली निम्मी चाळ बघत असताना मी पुन्हा पिचपर्यंत चालत गेलो, चेंडू बाहेर जातोय असं सांगितलं आणि परत आलो. असा अपमान पुढे माझ्या सासऱ्यानेही कधी केला नाही.

ही खबर त्याने गिरणीतून मैदानात आणली होती. साचेखात्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा विणकर येणाऱ्याला आपले साचे ताब्यात देतो. कुठला धागा सारखा तुटतोय, आडवा धागा नेणारा धोटा कुठे अडतोय, हे सांगितल्याशिवाय जायचं नसतं. तिथे आवाज इतका असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांनी आणि ओठ वाचून चालतो. परब म्हणायचा, "मी रागात तसाच गेलो तर कापड कोणाचं खराब होतं? माझ्या मागून येतो त्याचं." क्रिकेटच्या संघाकडेही तो साचेखातं म्हणूनच बघायचा. मी एखादा फटका जरा नजाकतीने मारला की तंबूत आल्यावर ऐकवायचा, "अकरा माणसांचं एक कापड विणायचं आहे. त्यात नक्षी काढणारा तू कोण?" मी पॅड सोडून पाणी प्यायचो.

आमच्यात कांबळे नावाचा एक धिप्पाड गडी होता, वरळीच्या बीडीडी चाळीतला. गिरणीत तो सूत कातायच्या रिंगखात्यात होता. साचेखात्यात त्याच्या लोकांना घेत नसत, कारण धोट्यातून धागा ओढायला धोट्याला तोंड लावावं लागे, आणि कांबळेने तोंड लावलेल्या धोट्याला बाकीचे तोंड लावायला तयार नसत. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, पण साचेखात्याला त्याचं काही नव्हतं. गिरणीत ह्यावर परबचं काही चालत नव्हतं. मैदानात चालत होतं. आमचा एक पोस्टमन खेळायला बरा होता, पण कांबळेच्या हातचं पाणी घेत नसे. परबने कांबळेला पाचवा लावला आणि पोस्टमनला मुद्दाम त्याच्या मागे सहावा. पहिल्या वेळी कांबळे खबर द्यायला थांबला आणि पोस्टमन त्याला वळसा घालून पुढे गेला. तेव्हा खवीस तंबूतून जो ओरडला, तो गिरणीच्या फाटकावरच्या पठाणालाही ऐकू गेला असेल. "त्याच्या तोंडातली खबर नको असेल तर पॅड काढ आणि घराक चल!" पोस्टमन मागे फिरला, ऐकलं, आणि तोंड वाकडं करून का होईना, "कळलं" म्हणाला. पुढे तो कांबळेच्या खबरीवरच खेळला. दोघांत प्रेमबिम काही झालं नाही, पाणीही पोस्टमन स्वतःचंच आणत राहिला. परबला प्रेमाची गरज नव्हती. कान उघडे असले की त्याला पुरत असे.

त्या वर्षांत गिरणगावात दुसरा विषय नव्हता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा आम्ही झोपेतसुद्धा दिली असती. परब प्रत्येक मोर्चात असायचा, आणि नेहमी शेवटच्या रांगेत. व्यासपीठावरचा पुढारी फार "मी, मी" करायला लागला की हा सरळ उठून चालू पडायचा. एका मोर्चात त्याच्या डाव्या कोपरावर लाठी बसली आणि तो हात पुन्हा नीट सरळ झाला नाही. चाळीने त्याचा सत्कार ठरवला, तर नेमका त्या संध्याकाळी हा मैदानात फाटकी मॅट शिवत बसला. बोलवायला गेलेल्यांना म्हणाला, "माझ्याबरोबर बरेच जण मार खात होते. त्यांना हार आणलेत काय?" मंडळी तोंड पाडून परत आली. त्या दिवसापासून तो फलंदाजीला सगळ्यांच्या शेवटी जाऊ लागला.

आता माझं दुखणं सांगतो. मी कॉलेजात इंटरला नापास झालो होतो. वडील नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला बजावलं की उन्हाळ्यापर्यंत काही लागलं नाही तर कराडला जाऊन काकांच्या किराणा दुकानात बसायचं. कराडबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडायचो, आणि माझ्यावरच मुंबईबाहेर जायची पाळी! अशात कळलं की फोर्टमधल्या एका कंपनीला आपल्या क्रिकेट संघात एक फलंदाज हवा आहे, आणि त्याच्यासाठी कारकुनाची एक खुर्ची रिकामी ठेवली आहे. त्या कंपनीचे साहेब रविवारी आमची मॅच बघायला येणार होते. मी परबला गाठलं. तो मॅटपाशी बसून दाभणात सुतळी ओवत होता.

"परबदादा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. मला ओपनिंगला पाठवा."

"पहिलो तूच जातंस नेहमी."

"तसं नाही. मी एकदा जमलो की बाकीच्यांना सांगा, एकेक धाव काढून खेळायला मला द्या. साहेब माझ्यासाठी येतायत."

त्याने सुतळी दाताने तोडली. "त्यांका कित्याक सांगू? त्यांच्याकडे पण बॅट आसा."

शनिवारी संध्याकाळी आमच्या मैदानात संयुक्त महाराष्ट्राची मोठी सभा झाली. व्यासपीठ नेमकं आमच्या पिचवर आलं आणि त्याचे बांबू पिचमध्ये रोवले गेले. रविवारी सकाळी आम्ही खड्डे ओल्या मातीने बुजवले, वर मॅट पसरून खिळे ठोकले आणि खेळ सुरू केला. समोरचा संघ आधी खेळला. सकाळी माती ओली होती, पक्की बसलेली होती, त्यामुळे त्यांना काहीच त्रास झाला नाही. त्यांच्या एका गोऱ्यागोमट्या पोराने शंभर ठोकल्या. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परबची नाडी त्या दिवशी सकाळपासून बांधलेलीच होती.

दुपारी ऊन चढलं, माती वाळली आणि मॅटच्या खाली एके ठिकाणी हळूच खचली. वरून कुणाला काही दिसत नव्हतं. मी गेलो आणि पहिल्या षटकातच असा कव्हर ड्राइव्ह मारला की साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. मला ते दिसलं, आणि कारकुनाची ती खुर्चीही दिसली. पुढचा चेंडू आखूड पडला. फटकवायला मी मागे सरकलो, आणि तो चेंडू उठलाच नाही. उंदरासारखा सरपटत आला आणि माझा मधला स्टंप घेऊन गेला.

परत येताना माझ्या डोळ्यांपुढे काकांच्या दुकानातली गुळाची ढेप उभी राहिली. समोरून आमचा पुढचा गडी, एक फिटर, येत होता, त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास. त्याच्याकडे बघायचीसुद्धा माझी इच्छा नव्हती. पण तंबूच्या दाराशी तो खवीस वाकडा हात कमरेवर ठेवून उभा होता. मी थांबलो. "मॅटची शिवण आहे ना त्या टोकाला, तिच्या जरा अलीकडे चेंडू मरतोय. अजिबात उठत नाही. मागे राहू नकोस, पाय पुढे टाक." माझ्या तोंडून त्याचेच शब्द निघालेले मला कळले आणि माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. फिटर म्हणाला, "कळलं."

मग जे झालं ते मी तंबूत पाय आपटत बघितलं. फिटर पाय पुढे टाकून खेळला, वीसबावीस काढल्या, आणि जाताना पुढच्याला सांगून गेला की आता गोलंदाज मुद्दाम शिवण धरून टाकतोय, त्याची लाइन आधीच ओळखता येते. त्या पुढच्याने तेवढ्याच काढल्या आणि कांबळेला सांगितलं की दुसऱ्या टोकाकडून काही भीती नाही, तिथे हात मोकळे सोड. कांबळेने ते असे सोडले की एक चेंडू गिरणीच्या आवारात जाऊन पडला. तो झेल देऊन परतला तेव्हा पोस्टमन आपणहून थांबला. "त्यांचा डावखुरा बोलर दमलाय," कांबळे म्हणाला, "त्याचा चेंडू आता वळत नाय." पोस्टमन "कळलं" म्हणाला, आणि त्या दिवशी त्याचं तोंड वाकडं नव्हतं. कुणाच्याच तीस झाल्या नाहीत. पण येणारा प्रत्येक जण जणू आधीच तासभर खेळून आला असावा तसा पहिल्या चेंडूपासून खेळत होता. त्यांचा कॅप्टन वेडापिसा झाला. एका मोठ्या फलंदाजाला काढायचं असतं तर त्याने काढला असता. इथे कुणाला काढायचं तेच त्याला समजेना. शेवटी एका दवाखान्यातला आमचा कंपाउंडर आणि परब अशी जोडी उरली. कंपाउंडरने डोळे मिटल्यासारखं करून बॅट पुढे ढकलली, चेंडू बॅटच्या कडेला लागून निसटला, धाव निघाली आणि आम्ही जिंकलो. परब शून्यावर नाबाद. भिंतीवरची सगळी चाळ मैदानात उतरली. मीही नाचलो, कांबळेच्या खांद्यावर चढलो, आणि तिथे उंचावर असताना मला कराड आठवलं.

साहेब परबजवळ आले. "मी एक फलंदाज न्यायला आलो होतो," ते म्हणाले, "तुमच्यातल्या कुणाला न्यायचं तेच मला कळेना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो तुमचा एक ड्राइव्ह फार चांगला होता हं," आणि मोटारीत बसून गेले. ती खुर्ची नंतर त्या शंभर काढणाऱ्या पोराला मिळाली. हरलेल्या संघातल्या! सगळे पांगल्यावर मी तंबूत शिरलो आणि बॅट जमिनीवर आपटली.

"तुमच्यामुळे माझी नोकरी गेली."

"चारवर आऊट झालंस तू. माझ्यामुळे?"

"मी खबर दिलीच नसती तर बाकीचेही तसेच गेले असते. मग साहेबाला माझा ड्राइव्ह तरी आठवला असता!"

"हां. मग आपण हरलो असतो. नोकरी तरी पण गेलीच असती." तो शांतपणे खिळे मोजत होता. "पाय फुडे नव्हतो तुझो."

मी म्हटलं, पुन्हा ह्या मैदानात पाऊल ठेवणार नाही, तुमचं तोंडही बघणार नाही. तो म्हणाला, "बॅट क्लबची आसा. सरळ ठेव." मी बॅट सरळ ठेवली. मी बाहेर पडत असताना मागून आवाज आला, "उद्या सकाळी गिरणीच्या गेटवर ये. बदली लागता काय बघूया." बदली म्हणजे नेहमीचा कामगार आला नाही की त्याच्या जागी दिवसापुरता घेतलेला माणूस. मी गरकन वळलो. "मी इंटरपर्यंत शिकलोय!"

"नापास," तो म्हणाला.

मी गेलो. रागाने गेलो, त्याला दाखवून द्यायला गेलो. पहाटे भोंग्याआधी गेटवर उभा राहिलो, कधी आत गेलो, कधी तसाच परत आलो. वडील गणपतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. साच्यावर काम मला परबने शिकवलं, आणि मैदानात तो जितका दुष्ट होता त्याच्या दुप्पट साचेखात्यात निघाला. माझ्या हाताने कापडात दोष राहिला की तो सगळ्यांसमोर तो तुकडा उचलून धरायचा. मी कायम झालो, दादरची खोली मला सोडावी लागली नाही, लग्न झालं, तरी त्याने कधी घरी सगळे कसे आहेत एवढंसुद्धा विचारलं नाही. पुढे त्याचेच दोन साचे पाळीपाळीने आम्हा दोघांकडे आले. सकाळची पाळी त्याची, दुपारची माझी. रोज दुपारी तो हातांनी खबर द्यायचा, मी हात वर करून "कळलं" अशी खूण करायचो, आणि तो मागे न बघता जायचा. आमचं एवढंच नातं होतं, आणि मला ते अजिबात कमी वाटत नव्हतं.

महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागमध्ये दिवाळीसारखे दिवे लागले. आमच्या गल्लीत एका पुढाऱ्याला हारांनी झाकून टाकलं होतं आणि सूत्रसंचालक म्हणत होता की ह्यांनी महाराष्ट्र खेचून आणला. परब माझ्या शेजारी उभा होता. "एकट्याने आणला म्हणतो," तो म्हणाला, "बाकीचे काय पाण्याची बादली धरायला उभे होते?" मी त्याच्याकडे चमकून बघितलं. बादलीची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. पण तो तोवर गर्दीतून बाहेर पडला होता.

त्याच वर्षी खोकल्याने त्याला धरलं आणि त्याने गिरणी सोडली. पुढच्या पावसाळ्यानंतर गावाहून पोस्टकार्ड आलं की तो गेला. कार्ड वाचून पहिल्यांदा मला रागच आला, की हा मेला काही न सांगता गेला. मला तो माणूस हवा होता. शिव्या द्यायला, भांडायला, कशालाही, पण हवा होता.

त्याची शेवटची पाळी मला लख्ख आठवते. एरवी तो साच्यावर अनवाणी असायचा, पण त्या दुपारी त्याच्या पायात मैदानातले कॅनव्हासचे बूट होते, कारण भोंगा झाला की तो थेट धक्क्यावर कोकणच्या बोटीला जाणार होता. नेहमीसारखी त्याने खबर दिली: डावीकडच्या साच्यावर कडेचा धागा तुटतोय, उजवा ठीक आहे. मी हात वर केला. आता त्याने जायचं होतं. तो गेला नाही. मला वाटलं काही सांगायचं राहिलं, म्हणून मी पुन्हा साच्याकडे बघितलं. कापड व्यवस्थित उतरत होतं. मी वर बघितलं तर तो खांबाला टेकून उभा, केसांत कापसाचे तंतू, आणि त्याचे ओठ हलले. साचेखात्याच्या त्या गदारोळात मला ते स्वच्छ वाचता आले. "दादरकर, पाय फुडे."

ह्या दोन साच्यांच्या मधल्या बोळात माणूस पाय पुढे टाकणार कुठे? मी चिडलो, बाहीने डोळे पुसले, आणि हाताने त्याला खूण केली, जा, जा ना आता. तो थोडा वेळ माझ्याकडे आणि माझ्या कापडाकडे बघत राहिला. मग खाली वाकला, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि गेला.